नदीच्या दोन आगोटी

ऑक्टोबरचा तिसरा आठवडा, सकाळचे साडेआठ वाजले तरी अंधारच होता, आणि नदीकाठच्या खडीच्या उतारावर गाड्यांची रांग लागलेली. लोडर पुढे-मागे करत खडी लोटत होता, कारण पाणी रात्रीत पुन्हा खाली गेलं होतं आणि फेरीबोटीचं तोंड काठाला नीट टेकत नव्हतं. त्या वर्षीची फेरी दुसऱ्या दिवशी बंद होणार होती. रांगेत चौथा ट्रक माझ्या मैत्रिणीचा. मागे कुत्र्यांच्या खाण्याची चार पोती, गव्हाच्या पिठाची दोन, रॉकेल, चेनसॉचं तेल, आठ डझन अंडी ब्लँकेटमध्ये गुंडाळून, बॅटऱ्या, कॉफी आणि ड्रायव्हरच्या शेजारच्या सीटवर, सीटबेल्ट लावून, मी दिलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली. मी म्हटलं, सहा आठवडे पुरेल का गं एवढं सगळं? ती म्हणाली, सहा झाले तर पुरेल, आठ झाले तर कॉफी संपेल.

आणि तिथे त्या थंडीत उभी असताना माझ्या डोक्यात एकदम शब्द आला, आगोट.

कोकणातल्या लोकांना सांगायला नको. पावसाळा तोंडावर आला की ती आगोट. माझी आजी दाभोळच्या खाडीकाठची. मिरच्या कुटून झाल्या का, सोडे-सुकट डब्यात भरली का, लाकडं माळ्यावर चढली का, पडवीला झावळ्यांची झडी लागली का, वैशाखभर तिचं हेच चालायचं. बेगमी. तिच्या लहानपणी मुंबईची आगबोट दाभोळला लागायची आणि पावसाळाभर ती बंद, त्यामुळे जे काय मुंबईहून आणायचं ते आधी, नाहीतर मग नारळी पौर्णिमेनंतर. आजी सांगायची, बोट बंद झाली की गाव वेगळं दिसायचं. मला तेव्हा ते कळायचं नाही, गाव वेगळं कसं दिसेल, गाव तेच ना. आता कळतं.

मी राहते ते गाव डॉसन सिटी. कॅनडाच्या वायव्य टोकाला युकॉन नावाचा प्रदेश आहे, आपल्या महाराष्ट्राच्या दीडपट मोठा, आणि माणसं किती तर पन्नास हजारांच्याही आत, त्यातली बहुतेक राजधानी व्हाइटहॉर्समध्ये. डॉसन तिथून साधारण ५३० किलोमीटर उत्तरेला, क्लोंडाइक नदी युकॉन नदीला मिळते त्या कोपऱ्यात. नवरा सोन्याच्या खाणीवर मशिनरी दुरुस्त करतो, मी गावातल्या एका दुकानात हिशेब बघते, हा आमचा चौथा हिवाळा. आलो तेव्हा दोन वर्षं राहू म्हणत होतो.

गाव नदीच्या पूर्वेला. पश्चिमेला वेस्ट डॉसन, तिथे वीज नाही, नळ नाही, लाकडाच्या केबिनी, सोलर पॅनल, कुत्री. आणि मधे युकॉन, जिच्यावर इथे पूल नाही. उन्हाळ्यात सरकारी फेरी, फुकट, चोवीस तास. हिवाळ्यात बर्फाचा रस्ता. आणि या दोन्हींच्या मधे, वर्षातून दोनदा, काहीच नाही. शरद संपताना जो मोकळा काळ येतो त्याला लोक फ्रीझ-अप म्हणतात, वसंतात येतो तो ब्रेक-अप. सुरुवातीला मला वाटायचं हे नुसते हवामानाचे शब्द आहेत. पण इथे माणसं बोलताना तारखा सांगत नाहीत, ‘ते ब्रेक-अपच्या आधीचं’, ‘मुलगा फ्रीझ-अपला झाला’ असं सांगतात, अगदी माझी आजी म्हणायची तसं, ‘तुझ्या बापाचा जन्म ऐन आगोटीतला’. कॅलेंडरमध्ये या काळाला नाव नाही, पण ज्यांचा रस्ता पाण्यातून जातो त्यांनी तिथेही नाव दिलं आणि इथेही. आजीची आगोट एक, इथे नदीला दोन आहेत.

फेरी बंद होते म्हणजे काय तर तिला मोठमोठी यंत्रं लावून पाण्याबाहेर ओढतात आणि काठावर वर नेऊन ठेवतात, नाहीतर बर्फ तिचा चुरा करेल. त्या दिवशी गावातली बरीच माणसं नुसती बघायला येतात. कोणी काही बोलत नाही फारसं. समोरच्या काठावरही चार-सहा माणसं उभी असतात, हात हलवतात आणि मग आपापल्या वाटेने निघून जातात. माझी मैत्रीण दरवर्षी ठरवते की कुठल्या बाजूला राहायचं. काही जण या काळात गावात खोली घेऊन राहतात, मुलांची शाळा असते, नोकरी असते. ती नाही. तिची कुत्री तिकडे, चूल तिकडे, म्हणून ती तिकडे.

मग सुरू होतो स्लश.

हे मला नीट सांगायचंय, कारण नदी गोठते म्हणजे वरून साय धरल्यासारखी गोठते असं मला वाटत होतं, तळ्याचं तसं होतही असेल, पण एवढी मोठी वाहती नदी तशी गोठत नाही. पाणी शून्याच्या किंचित खाली गेलेलं असतं आणि तरी पळत असतं, त्यात आधी बर्फाचे अगदी बारीक कण तयार होतात, ते एकमेकांना चिकटतात, वर तरंगतात, त्यांचे पुंजके होतात, पुंजक्यांच्या थाळ्या. थाळ्या एकमेकींवर आपटत गोल होत जातात आणि आपटून आपटून प्रत्येकीच्या कडेला पांढरी उंच किनार उभी राहते, आपण भाकरी थापताना कडा जाड राहते तशी. सगळी नदीभर या थाळ्या वाहत असतात, रात्रंदिवस, आणि त्यांचा आवाज होतो. सुपात तांदूळ पाखडताना होतो तसा, फक्त थांबत नाही. पहिल्या वर्षी मी रात्री खिडकी किलकिली करून तो आवाज ऐकत बसायचे, नवरा म्हणायचा घर गार पडतंय, लाव ती. मग एक दिवस काठाकाठाने बर्फाचं पक्कं फळकूट धरतं, रोज थोडं पुढे सरकतं, मधली वाहती पट्टी अरुंद होत जाते. उणे तीसच्या खाली गेलं की त्या पट्टीतून वाफ निघते आणि समोरचा काठ दिवसभर दिसतच नाही.

या दिवसांत आमचं एक ठरलेलं आहे. रात्री नऊ वाजता ती तिच्या काठावर येऊन टॉर्च तीनदा लावते, मी या काठावरून तीनदा. फोन लागतो कधीकधी, मेसेजही जातो, पण टॉर्च चुकवायचा नाही. उणे पस्तीसमध्ये मी स्वेटरवर स्वेटर चढवून, बूट घालून, तेवढ्या तीन उजेडांसाठी बंधाऱ्यावर जाते. वाफ दाट असली की काहीच दिसत नाही, मग मी नुसतं लावून येते, तीही तिकडे लावून गेली असेल असं धरून.

या नदीवर माणसं किती काळ अशी काठावर उभी राहून वाट बघत आलीत त्याचा विचार केला की आपलं गाव किती नवीन आहे ते कळतं. डॉसन १८९६ नंतरचं. त्या वर्षी १६ ऑगस्टला जवळच्या एका ओढ्यात सोनं सापडलं, त्या ओढ्याचं नाव मग बोनान्झा झालं, आणि दोन वर्षांत इथे तीसेक हजार माणसं लोटली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून हा काठ त्रॉन्डेक ह्वेचिन या इथल्या मूळ लोकांचा. त्रॉन्डेक हे त्यांचं नदीचं नाव, गोऱ्यांच्या तोंडात त्याचं क्लोंडाइक झालं. या नावात हातोड्याच्या दगडाचा अर्थ आहे, कारण नदीमुखाशी मासे अडवायला खुंट ठोकायचे, त्याचा तो दगड. म्हणजे सगळं जग ज्या शब्दाला सोन्याचा शब्द समजतं तो मुळात मासेमारीचा आहे. मला हे कळलं तेव्हा मी दुकानात तीन जणांना सांगितलं, तिघांनाही माहीत होतं.

सोन्यामागे आलेल्या गर्दीत आपली माणसं टिकणार नाहीत हे त्यांचे प्रमुख, चीफ आयझॅक, यांनी फार लवकर ओळखलं. १८९७ मध्ये ते आपल्या लोकांना घेऊन नदीने खाली मूसहाइडला गेले, चार-पाच किलोमीटरवर. आणि आणखी एक काम त्यांनी केलं, ज्याच्याबद्दल वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. आपली गाणी आणि नाच त्यांनी अलास्कातल्या नातलग जमातींकडे सांभाळायला दिले, कारण इथे ती जगणार नाहीत असं त्यांना वाटलं. चीफ आयझॅक १९३२ मध्ये गेले. गाणी तिकडे राहिली आणि १९९० नंतर इथली माणसं तिकडे जाऊन, शिकून, ती परत घेऊन आली. बेगमी म्हणतो आपण, ती धान्याचीच असते असं नाही. आता दर दोन वर्षांनी जुलैत मूसहाइडला मेळावा भरतो, रस्ता नाही, बोटीनेच जायचं, आणि ती गाणी नदीकाठी म्हटली जातात. आम्ही एकदा गेलो होतो. ढोल ऐकत बसले आणि मला भाषेतलं अक्षर कळत नव्हतं, पण एक म्हातारी बाई मुलांना पुन्हा पुन्हा थांबवून एकाच ओळीची चाल नीट करून घेत होती, ते मात्र पूर्ण कळलं.

आणि तेव्हा सगळीच माणसं नदीनेच यायची-जायची. १८९८ मध्ये सोन्यासाठी निघालेले हजारो लोक हिवाळाभर वर बेनेट सरोवराच्या काठी बसून नावा बांधत होते आणि बर्फ कधी फुटतो याची वाट बघत होते. २९ मेला बर्फ फुटला आणि सात हजारांवर नावा एकदम निघाल्या. पुढे वाफेच्या बोटी आल्या, मागे मोठं लाकडी चाक असलेल्या. व्हाइटहॉर्सहून डॉसनला प्रवाहाबरोबर दीड दिवस, आणि परत जाताना प्रवाहाविरुद्ध चार-पाच दिवस, मधे काठावर लाकडाच्या थप्प्या रचलेल्या असायच्या तिथे थांबत थांबत. हिवाळ्यात बोटी बंद, मग १९०२ मध्ये घोड्यांच्या स्लेजसाठी जमिनीवरून वेगळा रस्ता काढला. १९५० च्या दशकात मोटाररस्ता झाला आणि बोटी संपल्या. एक व्हाइटहॉर्सला काठावर जपून ठेवलीय, एक आमच्या गावात आहे. पण मला बघायला आवडतात त्या वेस्ट डॉसनच्या, फेरीपासून थोडं चालत गेलं की झाडीत पडलेल्या. हिवाळ्यासाठी म्हणून काठावर ओढून ठेवल्या आणि पुन्हा कोणी पाण्यात उतरवल्याच नाहीत. बॉयलर गंजून लाल झालेत, चाकाची लाकडं मोडून एकावर एक पडलीत, फटींतून विलोची झाडं वर आलीत. एका फळीवर मी हात ठेवला तर वरचा थर भुसभुशीत, आतलं लाकूड मात्र अजून टणक. आजीच्या गावाला खाडीत एक जुनी होडी अशीच चिखलात रुतलेली होती, आम्ही पोरं तिच्यात बसून वल्ही मारायचो.

डिसेंबर लागतो. सूर्य डोंगराच्या मागूनच जातो, गावात ऊन पडत नाही, आणि एक दिवस कळतं की कोणीतरी चालत पलीकडे जाऊन आलं. मग रस्त्याची माणसं गिरमिटाने भोकं पाडत जाडी मोजत पुढे जातात, बाजूला खुणेचे दांडे रोवतात. चालायला दहा सेंटिमीटर घट्ट बर्फ लागतो, साध्या गाडीला तीस तरी हवा, ट्रकला त्याहून जास्त. हवी तेवढी जाडी नसेल तिथे पंपाने पाणी वर काढून बर्फावर सोडतात, ते गोठतं, पुन्हा सोडतात. आधी फक्त पायी आणि स्नोमोबाइल, मग हलक्या गाड्या, मग वजनाची पाटी बदलत जाते.

पहिल्यांदा त्यावरून चालले तेव्हा मधोमध थांबले. खाली पाणी आहे हे डोक्याला माहीत होतं पण पायाला पटत नव्हतं. तेवढ्यात लांबून एक खोल आवाज आला, ढोलाच्या आत कोणी बोट ओढल्यासारखा, आणि पायाखालून निघून गेला. मी गोठले. मैत्रीण म्हणाली, अगं तो बोलतोय म्हणजे ठीक आहे. थंडी वाढली की बर्फ आकसतो, तडा जातो, त्याचा तो आवाज. घाबरायचं ते दुसऱ्या गोष्टीला. बर्फाच्या वजनाने कधीकधी खालचं पाणी कडेच्या फटीतून वर येतं आणि बर्फावर, पण भुसभुशीत स्नोच्या खाली, लपून राहतं. त्याला ओव्हरफ्लो म्हणतात. वरून सगळं पांढरं, कोरडं. दुसऱ्या हिवाळ्यात मी दांड्यांच्या बाहेरून, जवळ पडतं म्हणून, तिच्याकडे निघाले आणि डावा पाय घोट्याच्या वरपर्यंत त्यात गेला. उणे अठ्ठावीस होतं. तिची केबिन दहा मिनिटांवर. त्या दहा मिनिटांत बुटाच्या लेस गोठून तारेसारख्या झाल्या, तिने सुरीने कापून बूट काढला, पाय तिच्या पोटाशी धरून बसली आणि एक शब्द बोलली नाही. नंतर चहा देताना एवढंच म्हणाली, दांडे ज्यांनी रोवले त्यांनी मोजून रोवलेत.

आता मला ज्यासाठी हे सगळं लिहायला घ्यावंसं वाटलं तिथे येते. २०१६-१७ च्या हिवाळ्यात नदी नेहमीच्या जागी गोठलीच नाही. म्हणजे काठाकाठाने गोठली, मधे एक उघडी पट्टी राहिली, वाहती, जानेवारी उलटला तरी. आम्ही तेव्हा इथे नव्हतो पण अजून त्या गोष्टी निघतात. पुढच्या हिवाळ्यातही तसंच झालं. सरकारने पाण्याचे फवारे मारून ती पट्टी गोठवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. लोकांनी मग नदीवर वर-खाली लांब जाऊन, जिथे बर्फ धरला होता तिथून, आपापल्या वाटा काढल्या. शे-दीडशे वर्षं ज्या नदीच्या वागण्यावर माणसांनी आपलं वर्ष बांधलं होतं तिने एकदम बोलणंच बंद केलं असं एक शेजारी म्हणाले होते, ते आयुष्यभर इथलेच आहेत.

मला त्यात जी गोष्ट सगळ्यात जास्त खुपते ती ही. नदी उघडी असेल तर माणूस जगतो, बंद असेल तरी जगतो. उघडीसाठी नाव असते, बंदसाठी स्लेज असते, आणि मधल्या काळासाठी बेगमी असते, कारण मधल्या काळाला शेवट असतो. आगोट आली की पाऊस येणार हे पक्कं, म्हणून तर आजी शांतपणे मिरच्या कुटायची. पण ना धड उघडी ना धड बंद अशी नदी महिनोन्‌महिने राहिली तर किती पोती भरायची? सहा आठवड्यांची की चार महिन्यांची? माझ्या दुकानात दर ऑक्टोबरला येणारी माणसं आता यादी लिहिताना पेन धरून थांबतात, मी बघते. आणि काठावर जे तरुण येतात ते आता जास्त लवकर, कमी जाडीवर चालून बघतात, कारण किती वाट बघायची तेच माहीत नाही. ही भीती मला बर्फ वितळण्याच्या बातम्यांपेक्षा जास्त खरी वाटते.

पूल का बांधत नाहीत, असं बाबा फोनवर दर वेळी विचारतात. गावात यावर दोन्ही बाजूंनी बोलणारी माणसं आहेत. पूर्वेला मॅकेन्झी नदीवर, फोर्ट प्रॉव्हिडन्सजवळ, २०१२ च्या नोव्हेंबरात एक किलोमीटरहून लांब पूल झाला. त्याच्या आधी शेजारच्या नॉर्थवेस्ट टेरिटरीज प्रदेशाची राजधानी यलोनाइफ वर्षातून दोनदा रस्त्याने तुटायची, भाज्यांचे भाव चढायचे, पूल झाल्यावर ते संपलं, आणि ते चांगलंच झालं असं मला वाटतं. तिथून आणखी उत्तरेला टुक्टोयाक्टुक गावाला हिवाळ्यात नदीच्या आणि समुद्राच्या बर्फावरून रस्ता असायचा, २०१७ मध्ये बारमाही रस्ता उघडला आणि बर्फाचा रस्ता कायमचा थांबला. मी पूल नको म्हणणाऱ्यांतली नाही. आजारी मूल पलीकडच्या काठावर असताना हेलिकॉप्टरची वाट बघणाऱ्या आईला नदीचं कौतुक सांगणारी मी कोण? पण मैत्रिणीला विचारलं तर ती म्हणाली, पूल झाला तर मी आणखी पुढे राहायला जाईन. आणि हे तिने अगदी सहज सांगितलं, रागाने नाही.

नदीचं दुसरं एक तुटलेपण याहून मोठं आहे. बेरिंग समुद्रातून किंग सॅमन, म्हणजे चिनूक मासे, ही नदी चढून येतात, काही तर व्हाइटहॉर्सपर्यंत, तीन हजार किलोमीटरच्या आसपास, वाटेत काही न खाता. हाही ऋतूचा प्रवासच, आणि माणसांच्या आधीचा. अलीकडच्या वर्षांत ते इतके कमी आले की २०२४ च्या एप्रिलपासून अमेरिका आणि कॅनडाने मिळून सात वर्षं त्यांची मासेमारी थांबवलीय. सात वर्षं म्हणजे तेव्हा आठ वर्षांचं असलेलं पोर पंधराचं होईल, आणि मासा कापून वाळत कसा घालायचा हे हात धरून शिकवायचं वयच निघून जाईल. ज्यांच्या नदीच्या नावातच खुंट ठोकायचा दगड आहे त्या लोकांच्या धुरीच्या खोल्या रिकाम्या आहेत. गाणी तरी नातलगांकडे ठेवता आली होती.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघं कनू, म्हणजे वल्ह्यांची अरुंद होडी, घेऊन आठ दिवस नदीतून खाली आलो, मैत्रीण मागे बसून दिशा सांभाळत होती. वरच्या भागात पाणी हिरवट, तळाचे गोटे दिसतात. मग पश्चिमेकडून व्हाइट नदी येऊन मिळते, हिमनद्यांची राख-माती घेऊन, आणि अर्ध्या तासात सगळं पाणी दुधाच्या चहासारखं होतं. तिथून पुढे एक आवाज सुरू झाला. मी म्हटलं कनूला भोक पडलं की काय, हवा सुटतेय. मैत्रीण म्हणाली, वल्हं थांबव आणि कान खाली लाव. कनूच्या तळाला कान लावला तर बारीक, सलग सर्र असा आवाज, मंद आचेवर भाकरी फुगायच्या आधी तव्यावर होतो तसा. पाण्यातली वाळू कनूच्या अंगाला घासत जात होती. डोंगर झिजून समुद्राकडे चाललाय आणि मी त्याला कान लावून ऐकतेय. आम्ही बराच वेळ वल्ही मारलीच नाहीत.

आणि ब्रेक-अप. एप्रिलमध्ये बर्फाच्या रस्त्यावर पाणी साचतं, गाड्या बंद होतात, मग पायी, मग तेही नाही. नदीच्या मधोमध एक तिवई उभी करतात, तिला तार, तार काठावरच्या घड्याळाला. बर्फ हलला की तार ओढली जाते, घड्याळ थांबतं. कुठल्या मिनिटाला थांबेल यावर गाव पैज लावतं. अलास्कात नेनाना गावी अशी पैज १९१७ पासून चालू आहे, आणि डॉसनला बर्फ फुटल्याची नोंद तर १८९६ पासूनची आहे. शंभर वर्षांहून जास्त तारखा एकाखाली एक. माणसांनी गंमत म्हणून लिहिल्या, आणि आज त्याच तारखांवरून शास्त्रज्ञ सांगतात की बर्फ पूर्वीपेक्षा काही दिवस आधीच फुटतोय. १९६४ मध्ये मेच्या २८ तारखेपर्यंत थांबला होता. २०१६ मध्ये २३ एप्रिललाच गेला.

गेल्या वर्षी शेवटच्या पायी खेपेला, चांगलं तापायच्या आत पहाटे, मैत्रीण आली होती. लोणच्याची बाटली परत आणली, तर बाटलीत रानातल्या लाल बोरांचा जॅम. दोन वर्षांपूर्वी मी तिला कधीतरी सांगितलं होतं की आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत पाठवत नाहीत. ती चहा प्यायली, कुत्री बांधून ठेवलीत म्हणाली, आणि सूर्य वर यायच्या आत परत गेली. मी ती पलीकडे पोचेपर्यंत बंधाऱ्यावर उभी होते. हा बंधारासुद्धा १९७९ च्या मे महिन्यानंतरचा, त्या वर्षी बर्फ पुढे अडकला, मागे पाणी चढलं आणि गावात शिरलं. नदी उत्तरेकडे वाहते ना, वरचं आधी वितळतं आणि खालचं अजून घट्ट असतं, मग जायचं कुठे?

त्यानंतर तेराव्या दिवशी दुपारी सायरन वाजला. आम्ही दुकान तसंच टाकून पळालो, गिऱ्हाइकंसुद्धा. आधी वाटलं आपणच हलतोय. सगळी नदी, या काठापासून त्या काठापर्यंत, अखंड, एखादं मैदान सरकावं तशी सरकत होती आणि आवाज काहीच नाही. मग कुठेतरी ती उकलली, घराएवढे तुकडे उभे राहिले, आपटले, आणि मग आवाज आला तो छातीत आला. तिवई थोडं अंतर ताठ उभी गेली आणि कलंडली. काठाला लागलेले तुकडे उन्हाने आतून पोखरलेले असतात, बोटभर लांब काचेच्या कांड्या एकत्र बांधाव्यात तसे, पायाने ढकललं की सुटतात आणि किणकिणत खाली घरंगळतात, काकणांचा ढीग ओतल्यासारखे. लहान मुलं तेच करत होती. म्हातारी माणसं टोप्या काढून उभी होती.

पलीकडच्या काठावर एक ठिपका आणि त्याच्याभोवती पाच-सहा छोटे ठिपके. मी हात हलवला. तिने दोन्ही हात वर केले. तोंडाने काहीतरी ओरडली, पण मधे बर्फ चालला होता, काही ऐकू आलं नाही. रात्री नऊ वाजता गेले तर लख्ख उजेड होता, टॉर्चचा काही उपयोग नव्हता, तरी मी तीनदा लावला.

फेरी पाण्यात उतरायला अजून बारा-पंधरा दिवस होते. घरी आले, जॅम संपत आला होता तो वाटीत काढला, बाटली गरम पाण्याने धुतली आणि खिडकीत उन्हात पालथी घातली. दुकानात लिंबं आली की सांगायला म्हटलंय.